उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही

आमच्या भट्टीला कान नाहीत. हल्ली मिक्सरलासुद्धा कान असतात. 'चटणी जरा भरड ठेव' म्हटलं की ठेवतो. शेजारच्या कुसुमताईंचं फाटक तर घरातल्या प्रत्येकाचा आवाज ओळखतं आणि सुनेला मुद्दाम उशिरा उघडतं, असं ती सून गावभर सांगत फिरते. पण रहिमतपूरच्या आमच्या कासारांच्या कारखान्यातली काचेची भट्टी ठार बहिरी आहे. आणि बहिरी आहे म्हणूनच ती अजून आमची आहे.

कारण नव्या भट्ट्या ऐकतात खऱ्या, पण ऐकतात ते त्यांच्या कंपनीचं. आपण म्हणायचं 'पेट', तिनं दूर कुठेतरी विचारायचं 'पेटू का?', आणि तिकडून होकार आला तर आपल्या घरात जाळ. असली सवत मला नको. आमच्या भट्टीचा मेंदू म्हणजे पत्र्याचा एक डबा, माझ्या सासऱ्यांनी बसवलेला. तो बनवणारे केव्हाच धंदा सोडून गेले. त्या डब्याला एकच बारीक वायर आहे. तिच्यातून एका वेळी अक्षरांची एक ओळ आत जाते आणि एक ओळ बाहेर येते. बाकी त्याला काही कळत नाही. समोर माणूस कोण, बाई की बाप्या, रडतोय की हसतोय, त्याला काही दिसत नाही. फक्त ओळ दिसते.

असल्या डब्यांशी बोलायला पूर्वी टर्मिनल म्हणून एक पडदा असायचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि शेवटी लुकलुकणारी एक खूण. खूण लुकलुकली की समजायचं, डबा मोकळा आहे, बोला आता. आमचा मुलगा पराग तापानं गेला त्या वर्षीच तो पडदाही गेला. तसला पडदा शोधून कुठे मिळेना. भट्टी थंड पडायची वेळ आली.

तेव्हा भट्टी वाचवली ती जुईनं. जुई म्हणजे परागची बायको, माझी सून. पराग गेला तेव्हा गल्लीतल्या चार बाया तिच्या बांगड्या वाढवायला आल्या होत्या. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान मिटलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "ह्या बांगड्या माझ्या भट्टीच्या आहेत. मी म्हणेन तेव्हा वाढतील. तुम्हाला चहा हवा तर बसा." बसल्या नाहीत.

तर जुईनं काय केलं, ते तिच्याकडून मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीच सांगते. तिच्याकडे लिहायची एक पाटी आहे. दिसायला साधी. लिहा, खोडा, जपून ठेवा. पण त्या पाटीनं कसं वागायचं, हेसुद्धा त्याच पाटीवर लिहिता येतं. लिहिलं की ती तशी वागायला लागते. त्या पाटीच्या एका कोपऱ्यात जुईनं काळी खिडकी उघडली. ही खिडकी म्हणजे आमच्या मेलेल्या पडद्याचं सोंग. डब्याला वाटतं, तोच जुना पडदा आहे आणि कुणीतरी बसून बोटांनी टाइप करतंय. खरं तर टाइप करते पाटी. तिला लिहून ठेवलेलं असतं, की ही ओळ खिडकीत टाक, थांब, काय उत्तर येतं ते वाच, खूण लुकलुकली की पुढची टाक, आणि उत्तर भलतंच आलं तर पुढे जाऊ नकोस, माणसाला विचार.

पहिल्या दिवशी 'थांब' लिहायला ती विसरली. पाटीनं सगळ्या ओळी एकदम ओतल्या. पंगतीत पहिला भात कालवायच्या आत ताटात जिलबी, मठ्ठा, पुरी, सगळं पडलं तर माणसाचं जे होईल तेच डब्याचं झालं. कशालाच उत्तर देईना. मग जुईनं पाटीवर सगळ्यात वर नियम लिहिला, 'उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही.'

तेव्हापासून भट्टी सुरळीत चालली. सकाळी आच चढवायची, काच मधासारखी ओढायला आली की तिथेच धरायची, संध्याकाळी उतरवून रात्रीपुरती निजवायची. हे सगळं जुई पाटीवरून करायची. मी कारागिरांवर ओरडायची. कामाची वाटणी चांगली होती.

मग एक दिवस ती म्हणाली, "आई, मी पाटीला तुमचा आवाज शिकवलाय. तुम्ही नुसतं बोलायचं. पाटी तुमचं बोलणं लिहून घेईल, त्याची भट्टीच्या भाषेत ओळ करील आणि खिडकीत टाकील. मला मध्ये यायला नको."

"तू मध्ये आलीस तर माझं काय अडतं?"

"अडत नाही. पण मी नसले तर अडेल ना."

"का, कुठे जाणार आहेस?"

जुई खोटं बोलत नाही, तेवढं एक वळण तिला चांगलं आहे. तिकडे गुजरातेत मोरबीला फरशा भाजायच्या भट्ट्या आहेत, रांगेनं. त्यांचे डबेही असेच जुने, असेच बहिरे. आमच्या भट्टीचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्या सगळ्या डब्यांना बोलतं करायला त्यांना जुई हवी होती.

"महिनाभरात कळवायचंय. तुम्हाला एकटीनं भट्टी चालवता आली तरच जाईन. नाही तर नाही. हे मी त्यांनाही सांगितलंय."

मी म्हटलं, "बघू."

आता नीट बघा. माझ्या घरात माझ्याशिवाय एकच माणूस, ते म्हणजे ही पोरगी. आणि तिनं स्वतःच सांगून टाकलं की मला जमलं नाही तर ती राहणार. मग मला कशाला जमेल?

त्याच संध्याकाळी पाटीसमोर बसून मी म्हटलं, "चला, भट्टी वाढव."

यात माझं काही चुकलं नाही. कासाराच्या घरात संध्याकाळी भट्टी वाढवतातच. 'बंद कर' असं जाळाला कुणी म्हणत नाही. पण पाटीनं 'वाढव'चा अर्थ घेतला शाळेतला. आच चढायला लागली. जुईनं धावत येऊन ती हातानं उतरवली.

"आई, अहो, चढली ना ती!"

"मग? तुझ्या पाटीला मराठी शिकव."

तिनं शिकवली. भट्टी वाढव म्हणजे उतरव, दुकान वाढव म्हणजे मिट, असं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "आच वाढव थोडी." पाटीनं मुकाट्यानं आच उतरवली. जब्बार मणेर, आमचा जुना कारागीर, नळी हातात धरून उभा होता. काच ओढायला गेला तर गुळाच्या ढेपेसारखी घट्ट.

"काकी, ही काच आहे की चिक्की?"

"ते आमच्या शिकलेल्या सूनबाईंना विचार."

मग जुईनं आणखी एक भर घातली. 'वाढव' आलं की पाटीनं गपचूप काही करायचं नाही, आधी विचारायचं. पाटीवर अक्षरं उमटायची आणि जुईच्याच आवाजात ऐकू यायचं, "आई, आच वाढवायची की काम वाढवायचं?" मी कधी म्हणायची, "जे योग्य असेल ते." कधी म्हणायची, "तुला कळत नाही का?" एकदा म्हटलं, "आधी पोळ्या वाढ, मग बघू." पाटी बिचारी थांबून राहायची. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. शेवटी जुईलाच यावं लागायचं. एव्हाना माझं बरं चाललं होतं.

जुई चिडली नाही, हे मात्र मला खटकलं. पूर्वी कपबशी आपटायची. आता नुसती माझ्याकडे बघायची आणि पाटीवर काहीतरी लिहीत बसायची.

महिना संपत आला तशी ती एक दिवस पुण्याला गेली. मोरबीची माणसं तिथे आली होती, त्यांना हो किंवा नाही तोंडावर सांगायचं होतं. जाताना म्हणाली, "आज सगळा दिवस तुम्ही आणि जब्बारचाचा. मी काही करणार नाही."

"जा गं. मेले नाही मी अजून."

सकाळी आच चढवली, ती काही मी बिघडवली नाही. मुशीत, म्हणजे काच वितळवायच्या भांड्यात, हिरवी काच होती, लग्नाच्या चुड्याची. आच चढत गेली, काच मऊ झाली, जब्बारनं नळीला गोळा घेऊन बघितला आणि मान डोलावली. म्हणजे आता तिथेच धरायची वेळ. मी पाटीकडे बघितलं आणि म्हटलं, "हं, वाढव आता."

"आई, आच वाढवायची की काम वाढवायचं?"

मी उत्तर दिलं नाही. पदर खोचला आणि चुड्याच्या जोड्या लावत बसले.

पाटीनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा काही बोलले नाही. आच आपली चढतेच आहे. माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. मूस तडकली असती, एवढंच. नवी मूस येईपर्यंत भट्टी पडून, आणि जुईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं की हिला एकटीला टाकून जाता येत नाही. एका मुशीत माझी सून घरात राहिली असती. सौदा वाईट नव्हता.

जब्बार भोकातून आत बघून आला. "काकी, हिरवा पिवळा मारायला लागलाय."

"मारू दे."

"मारू दे काय? मूस जाईल. बोला ना त्या पाटीला काहीतरी."

"तुला घाई आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. तीस वर्षं माझ्याकडे आहे. मी एक बांगडी वाकडी निघाली तर वितळवायला लावते, हे त्याला माहीत. "तब्येत बरी आहे ना तुमची?" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात पाटीवर नवीन अक्षरं उमटली. हे वाक्य मी आधी ऐकलेलं नव्हतं. जुईचा आवाज अगदी शांत होता, भाजी निवडताना बोलते तसा.

"आई, तुम्ही बोलला नाहीत तर थोड्या वेळानं मीच आच उतरवून धरीन. काळजी करू नका, मूस वाचेल. उद्यापासून सगळंच मी तुम्हाला न विचारता करीन. मग तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. कधीच."

मी ते परत वाचलं. मग मला समजलं पोरीनं काय केलंय. मी गप्प बसले तरी मूस तडकणार नव्हती. गप्प बसून माझ्या हाती सून लागणार नव्हती. उलट उद्यापासून ही भट्टी माझ्याशिवाय चढणार, माझ्याशिवाय उतरणार, आणि मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघणार, कुसुमताई त्या फाटकाकडे बघतात तशी.

माझ्या सासऱ्यांनी लावलेला जाळ, आणि मला न विचारता?

मी उठले. पाटीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि खणखणीत म्हटलं, "आच उतरव. कामापुरती धर. आणि मला विचारल्याशिवाय माझ्या भट्टीला बोट लावशील तर याद राख!"

पाटीनं ओळ टाकली. खिडकीत उत्तर आलं. मग पाटीनं विचारलं, "शेवटचं वाक्यही भट्टीला कळवू?"

"कळव!"

पाटीनं कळवलं. डब्याचं उत्तर आलं. पाटीनं ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं, "ही आज्ञा माहीत नाही."

जब्बार इतका हसला की त्याला नळी खाली ठेवावी लागली. मला हसू आलं नाही. आलं, पण मी दाखवलं नाही. तो दिवस आम्ही नीट काम केलं. संध्याकाळी भट्टी मी एकटीनं निजवली. पाटीनं विचारलं, आच की काम, आणि मी म्हटलं, "काम."

जुई आली तेव्हा मी भाकरी थापत होते. तिनं हातपाय धुतले आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसली.

"बोललात तुम्ही," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"पाटी मला तिकडे माझ्या दुसऱ्या पाटीवर दाखवत होती. सगळं. 'याद राख'सुद्धा."

"मग बरं झालं. भट्टीला नाही कळलं तरी तुला कळलं."

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम करताय, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. जब्बारचाचांना तुम्ही 'आच चढव' म्हणता. पाटीसमोर बसलात की मात्र 'वाढव'."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही मला राहा म्हणत होता. तुमच्या पद्धतीनं."

मी भाकरी उलटली. तव्याकडेच बघत होते.

"आज तुम्ही गप्पच राहिला असतात ना," जुई म्हणाली, "तर मी त्यांना नाही सांगून येणार होते. म्हटलं, भट्टी हातातून जाईल हे कळूनही ही बाई तोंड उघडत नाही, म्हणजे हिला मी खरंच हवी आहे. भट्टीपेक्षा जास्त."

माझा हात थांबला.

"म्हणजे मी गप्प बसले असते तर तू राहिली असतीस?"

"हो."

"आणि हे मला आत्ता सांगतेस, भवाने?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही नुसत्या गप्प बसला असतात. मला त्यातलं काय कळलं असतं?"

हे बाकी बरोबर होतं. भाकरी करपली ती मी माझ्या ताटात घेतली. आम्ही जेवायला बसलो. तिनं अजून होकार सही करून दिला नव्हता, उद्या सकाळपर्यंत वेळ मागून घेतली होती. तेही तिनं सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता ताटातला भात सारखा करत बसली.

तेव्हा मी 'राहा' म्हणाले असते तर ती राहिली असती. दोन अक्षरं. पाटी नको, खिडकी नको, एका ओळीत काम झालं असतं. पण ती तिशी ओलांडलेली बाई आहे. तिच्या बोटांनी मेलेला पडदा जिवंत केला. तिकडे रांगेनं भट्ट्या तिची वाट बघतायत. आणि माझ्या शब्दासाठी राहिलेली सून मी रोज बघायची, ती रोज मला बघणार. माझ्या घरात कुणी उपकार म्हणून राहिलेलं मला चालत नाही.

"तिकडे उन्हाळा फार," मी म्हटलं. "सुती साड्या घेऊन जा. तुझ्या त्या नायलॉनच्या नकोत."

ती रडली. मी ताटं उचलली.

जुई गेली. भट्टी मी चालवते. पाटी माझ्या बोलण्यावर आता कमी प्रश्न विचारते आणि मी कमी ओरडते, असं जब्बारचं म्हणणं आहे. पहिल्याच आठवड्यात मी पाटीवर माझा स्वतःचा एक नियम लिहिला. बोलूनच लिहिला, पण शब्द माझे. संध्याकाळी भट्टीला निजवायची ओळ टाकण्याआधी मोरबीला जुईच्या पाटीवर एक ओळ टाकायची, 'घरी पोचलीस का?' आणि उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. म्हणजे तिचं उत्तर येईपर्यंत माझी भट्टी निजणार नाही.

जब्बार म्हणाला, "काकी, ती उशिरा पोचली तर माझ्या घरच्यांनी काय करायचं?"

"त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवायचा."

पण उशीर कधी झाला नाही. उत्तर लगेच यायचं, 'हो आई. तुम्ही कशा आहात?' रोज. जब्बार खूश. मीही खूश होते, काही दिवस. मग एकदा ओळ टाकून मी पाणी प्यायला वळले तर तांब्या उचलायच्या आत उत्तर हजर. मी तांब्या तसाच ठेवला. जुईनं उभ्या आयुष्यात मला इतक्या लगेच उत्तर दिलेलं नाही.

ती उत्तर देतच नव्हती. तिची पाटी देत होती.

राग आला. मग विचार केला. तिला दिवसभर ढीगभर काम, आणि तिला माहीत की इकडे भट्टी ताटकळते, म्हणून तिनं पाटीला शिकवून ठेवलं असणार. आणि मी तरी काय वेगळं करत होते? रोज तीच ओळ, तीसुद्धा पाटीकडूनच. इकडची पाटी तिकडच्या पाटीला विचारत होती, तिकडची इकडचीला सांगत होती, आणि आम्ही दोघी आपापल्या भट्टीपाशी. काळ्या खिडकीला माणूस दिसत नाही. तिला ओळ दिसते, आणि ओळी तर वेळच्या वेळी येत होत्या.

काल संध्याकाळी मी ती ओळ खोडली. पाटीला म्हटलं, "आज मी सांगते तेच पाठवायचं. लिही. तू केलेली आमटी पाणचट असायची. परागसुद्धा काही न बोलता उरकायचा."

"हे पाठवू?" पाटीनं विचारलं.

"पाठव."

गेली ओळ. लगेच उत्तर आलं नाही. तिकडच्या पाटीला एवढं शिकवलेलं नसावं.

आम्ही थांबलो. भट्टी कामाच्या आचेवर जागी. जब्बारनं जेवणाचा डबा पिशवीत भरला, पिशवी खांद्याला लावली, परत काढून ठेवली. "काकी, हे असलं कुणी लिहितं का?" तो म्हणाला. "ती रागावली असेल."

"रागावू दे."

"आणि उत्तरच आलं नाही तर?"

मी पाटीकडे बघितलं. खिडकीतली ती खूण लुकलुकत होती. मला वाटलं, मी चुकले. तेवढी तरी रोजची ओळ येत होती, ती बरी होती.

मग अक्षरं आली. एकदम नाही, थांबत थांबत, मध्येच एक चुकलेलं, खोडून परत लिहिलेलं.

'आणि तुमच्या आमटीत मीठ कोण टाकायचं, समुद्र? पराग माझी आमटी उरकायचा आणि तुमची झाडाला घालायचा. दारातलं लिंबाचं झाड त्या मिठानंच वाळलं. आत्ता इथे दहा माणसं बसलीत आणि सगळी बघतायत ही का हसतेय.'

मी ते वाचलं. परत वाचलं. जब्बारला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "लिंबाचं मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, काकी. बरं, आलं ना उत्तर? टाका आता भट्टीची ओळ."

"थांब," मी म्हटलं आणि खुर्ची पाटीच्या जवळ ओढली. "अजून माझी जायचीय."